खर्जातली हाक

वेना येणार म्हणून डेन्झिल ट्रेंबाथ दुपारी बेकरीत पेस्टी आणायला गेला. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. आखातावरून येणारा वारा कुजलेल्या समुद्रशेवाळाचा वास गावभर घेऊन हिंडत होता, आणि पाऊस धड पडतही नव्हता की धड थांबतही नव्हता. असल्या दिवसांत आमच्या वील ॲनी गावात दुपारी दोनलाच घरोघर दिवे लागतात. बेकरीतल्या ग्लेनिसने मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या दोन गरम पेस्टी कागदात गुंडाळल्या आणि सवयीप्रमाणे त्याची फिरकी घेतली.

“काय कानसेन, आज कोणाचा निकाल लावणार?”

“वेनाचा. नवा हेडफोन घेऊन येतेय ॲडलेडहून.”

“क्लेमची वेना ना? अगदी बापावर गेली बघ. तोही असाच, सदान्‌कदा कशाच्या तरी आत शिरून खाटखूट करत बसायचा.”

डेन्झिलने सुटे पैसे मोजून ठेवले. पुडकं कोटाच्या आत धरून तो निघाला. क्लेम रॉस्क्रोचं नाव निघालं की हा गप्प होतो, हे गावाला एकतीस वर्षं ठाऊक होतं. जिवलग मित्र डोळ्यांदेखत गेला, माणूस अजून सावरला नाही, अशी गावाची समजूत. गाव फारसं चुकत नव्हतं, पण गावाला सगळं माहीतही नव्हतं.

कानसेन हे नाव थट्टेने पडलेलं असलं तरी खोटं नव्हतं. महागडे हेडफोन बनवणाऱ्या लोकांत डेन्झिलचा शब्द चालायचा, आणि तोही एकाच बाबतीत, खर्जाच्या. वरचे सूर कसे लागतात, गाणारीचा गळा किती गोड वाटतो, हे सांगणारे पुष्कळ असतात. खर्ज पारखणारे थोडे. बाजारातली बहुतेक माणसं ढबढब आवाज आला की खूश होतात. डेन्झिल म्हणायचा, खर्ज किती आला ते विचारूच नका, तो थांबतो कसा ते सांगा. डबल बासची तार बोटाने दाबली की आवाज तिथेच संपला पाहिजे, त्याचा ओघळ मागे राहता कामा नये. नगाऱ्याचं कातडं ताणलेलं आहे की सैल पडलंय, तेही कळलं पाहिजे. आणि अगदी तळाचा सूर कानाने ऐकायचा नसतोच, तो जबड्याच्या हाडात उतरतो.

वेना तीनच्या सुमाराला आली. बेचाळीस वर्षांची, आखूड केसांची, नखांत लाकडाचा भुसा अडकलेली बाई. बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला सायकल शिकवली ती डेन्झिलने, शाळेच्या कार्यक्रमात बापाच्या जागी जाऊन बसला तो डेन्झिल. रक्ताचा नसला तरी काका तोच. ॲडलेडला घरामागच्या वर्कशॉपमध्ये ती स्वतःच्या हाताने हेडफोन बनवायची, आणि हा नवा बनवायला तिला चार वर्षं लागली होती. मॅलीच्या झाडाच्या मुळाच्या लाकडातून कोरलेल्या दोन वाट्या, गडद तांबूस. त्यांना आतून मेंढीच्या कातड्याच्या गाद्या लावलेल्या.

दोघं स्वयंपाकघरात खायला बसली. वेनाने सांगितलं की हेडफोन शंभर तास वाजवून मोकळा करून आणलाय. नव्या हेडफोनचा आवाज काढणारा पडदा ताठ असतो, म्हणून तो कोणी न ऐकता दिवसच्या दिवस वाजत ठेवायचा, ही या लोकांची रीत. काहीजण म्हणतात त्याने खर्ज खुलतो, काहीजण म्हणतात निव्वळ खूळ आहे, पण ठेवतात सगळे.

“वाजवलंस काय?” डेन्झिलने विचारलं.

“दुसरं काय वाजवणार? बाबांची टेप, तू मला नक्कल करून दिलेली. तीच पुन्हा पुन्हा. वर्कशॉपला कुलूप लावलं आणि चार दिवस आईच्या घरी सामान आवरत बसले.”

डेन्झिलचा घास हातातच राहिला.

“शंभर तास,” तो म्हणाला. “आणि खोलीत कोणीच नव्हतं?”

“कोण असणार? का रे?”

“काही नाही. खा तू.”

वेनाने खाल्लं नाही. पेस्टीची कड मोडत ती आईबद्दल बोलू लागली. आई मार्चमध्ये गेली होती. शेवटच्या आठवड्यात तिने एकच ध्यास घेतला होता, क्लेमला त्रास तर झाला नसेल ना. वेना तिला दर वेळी सांगायची की डेन्झिलकाका तिथेच होता, तो सांगतो ना, दिवा मालवावा तसा गेला. ते ऐकलं की म्हातारीला झोप लागायची.

“तुझ्या त्या एका वाक्यावर आम्ही दोघी जगलो, काका,” वेना म्हणाली. “आईचं आता संपलं. माझं अजून चालू आहे.”

डेन्झिलने मान हलवली आणि किटली चुलीवरून उतरवायला उठला. पाणी अजून तापलंही नव्हतं.

तो ऐकत असताना खोलीत दुसरं कोणी थांबायचं नाही, असा त्याचा जुना शिरस्ता होता. वेना आईच्या थडग्यावरचं गवत काढायला गेली. डेन्झिलने पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं, पडदे ओढले, खुर्चीत बसला आणि चष्मा काढून ठेवला. चष्म्याची काडी हेडफोनच्या गादीखाली आली की बारीकशी फट राहते, आणि त्या फटीतून सगळ्यात आधी गळतो तो खर्ज. म्हणून खर्ज पारखणारा माणूस चष्मा काढून बसतो. डेन्झिलचा नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय त्याला समोरची भिंत म्हणजे राखाडी धुकं. वर कान झाकलेले. घरात कोणी शिरलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता.

आधी डबल बास ऐकला. वादकाचं बोट तारेवरून घसरताना लाकूड किंचित कुरकुरतं, तेसुद्धा आलं. मग नगारे. प्रत्येक ठोका पडला, उभा राहिला आणि संपला. डेन्झिलला मनापासून आनंद झाला. पोरीने कमाल केली होती. इतका स्वच्छ खर्ज त्याने जन्मात ऐकला नव्हता, आणि नेमकं त्याचंच त्याला भय वाटायला लागलं होतं. टेप लावण्याआधी तो बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसला.

त्या टेपवर दुसरं काही नाही, एक सूर आहे. आमच्या गावच्या जुन्या चॅपलमधल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, ऑर्गनचा सगळ्यात खालचा, अकरा मिनिटं सलग. क्लेम ऑर्गन जुळवणारा. गावोगावच्या चॅपलमध्ये जाऊन तो पाइप साफ करायचा, सूर लावून द्यायचा. एकतीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रखरखीत दुपारी, ते दोघंच चॅपलमध्ये होते. तळाच्या सुरात कुठलीतरी फळी झणझणते, ती शोधायची होती, आणि डेन्झिलला सूर टेप करून हवा होता. क्लेमने पायाने दाबायच्या पट्टीवर शिशाचं वजन ठेवलं, म्हणजे पट्टी दाबलेली राहिली आणि सूर चालू राहिला. मग तो ऑर्गनच्या मागच्या बुटक्या दारातून आत शिरला, माणसापेक्षा उंच लाकडी पाइपांच्या मागे, जिथे उंदरांचा आणि शंभर वर्षांच्या धुळीचा वास कोंडलेला असतो. डेन्झिल बाकावर बसला होता. कानांवर हेडफोन, चष्मा खिशात.

सातव्या मिनिटाला सुराच्या खालून एक दबका ठोका आला. थोड्या वेळाने दुसरा. डेन्झिलला वाटलं, ऑर्गनच्या भात्याची झडप आपटतेय. ऐकायला बरं वाटलं त्याला. मांडीवरच्या वहीत त्याने अंदाजाने लिहिलंसुद्धा, तळाला छान वजन आहे. ठोके येत राहिले, क्षीण होत गेले, थांबले. अकरा मिनिटं झाल्यावर त्याने हेडफोन काढला आणि क्लेमला हाक मारली.

क्लेम पाइपाला पाठ टेकून बसला होता, पाय पसरून. अंग अजून गरम होतं. छातीतल्या कळेने त्याचा आवाज नेला होता, हात नेले होते, पण पाय राहिला होता. समोरच्या पाइपाच्या लाकडावर, धुळीत, बुटाच्या टाचेच्या खुणा होत्या. ताज्या. एकावर एक. डेन्झिलने खिशातून रुमाल काढून त्या पुसल्या आणि मगच तो मदतीला हाका मारत बाहेर धावला. सगळ्यांना सांगितलं, क्षणात गेला, हूं की चूं नाही.

त्यानंतर त्याने जगातले निवडक हेडफोन त्या टेपवर पारखले. लोकांना वाटायचं, केवढी ही मित्राची आठवण. खरं कारण वेगळंच होतं. प्रत्येक नव्या हेडफोनमध्ये तो सातव्या मिनिटाची वाट बघायचा. ठोके यायचे, पण पुसट, सुरात मिसळलेले. झडपच असेल, असं मनाला सांगता येईल इतके पुसट. ती झडप नव्हती हे त्या खुणा पाहिल्यापासून त्याला ठाऊक होतं, तरी कानांनी ते सांगितलेलं नव्हतं, आणि तेवढ्याच फटीत तो एकतीस वर्षं राहिला होता.

त्याने बटण दाबलं.

सूर जबड्यात उतरला. सेकंदाला जेमतेम बत्तीस कंपनं, खुर्चीच्या हातांपर्यंत पोचणारी. पाच मिनिटं गेली. सहा गेली. खोलीत धुळीचा आणि उंदरांचा वास येतोय असं त्याला वाटलं, पण कान लागलेले असले की नाक काहीही सांगतं, हे तो जाणून होता.

मग ठोका आला.

झडप नव्हतीच. कातडी टाच होती, तिला मारलेली लोखंडी नाल होती, तिच्यामागे घामाने ओला, जड पाय होता. सगळं वेगवेगळं ऐकू आलं. एक ठोका. आठ सेकंद काही नाही. पुन्हा एक. क्लेम नीट, सावकाश ठोकत होता, शुद्धीवर असलेला माणूस ठोकतो तसा.

आता हे ठोके काय होते ते सांगायला हवं, कारण तांब्याच्या खाणी बंद पडून शंभर वर्षं झाली तरी आमच्याकडे अजून पोरांना ते शिकवतात. खाणीत दरड कोसळून माणसं अडकली की ती खडकावर ठोकतात. आत जितकी जिवंत, तितके ठोके. वर ज्याच्या कानावर ते पडतील त्याने हातातलं काम टाकून तितकेच ठोके परत द्यायचे, म्हणजे खालच्यांना कळतं, आपलं ऐकू गेलं. ओ दिल्याशिवाय हलायचं नाही. डेन्झिलच्या आजोबांनी जेवणाच्या टेबलावर सुरीच्या मुठीने ठोकून त्याला हे शिकवलं होतं. क्लेमला त्याच्या आजोबांनी. क्लेम एकच होता, म्हणून एकच ठोका देत होता. बाहेर बसलेला माणूस वील ॲनीचा आहे, त्याला कळेल, या भरवशावर देत होता. आणि बाहेरचा माणूस वहीत लिहीत होता.

मग डेन्झिलला ते शंभर तास आठवले. कुलूपबंद वर्कशॉपमध्ये, चार दिवस, चार रात्री, टेप पुन्हा पुन्हा फिरत होती आणि क्लेम ठोकत होता, आणि तिथे ओ द्यायला कोणीही नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काय करतोय हे कळायच्या आत त्याने उजवा पाय उचलला आणि टाच जमिनीवर आपटली. एकदा.

पुढचा ठोका आठ सेकंदांनी यायला हवा होता. एकतीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

तो लगेच आला.

डेन्झिलने पुन्हा टाच आपटली. पुन्हा लगेच ठोका. आता त्यात घाई होती, ऐकू गेलं हे कळलेल्या माणसाची घाई. डेन्झिल ओ देत राहिला आणि तिकडून ठोके येत राहिले. ते जवळ येत होते की कसं, ते त्याला सांगता येईना, कारण इतक्या खालच्या आवाजाला दिशा नसते. त्याने मान खाली घातली. समोर सगळं धुकं होतं, स्वतःचे गुडघेही धड दिसत नव्हते, पण दोन पावलांमधल्या जमिनीच्या फळ्या मात्र लख्ख दिसत होत्या. लाकडाची रेघन्‌रेघ. आणि त्यांच्यावर धुळीत उमटलेल्या टाचेच्या खुणा, एकावर एक.

त्याने चाचपडत चष्मा घेतला आणि लावला. फळ्या स्वच्छ होत्या. सकाळीच पुसलेल्या. काडी गादीखाली गेल्यामुळे सूर पातळ झाला होता, आणि थोड्या वेळाने टेप संपली.

वेना पाचला परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. तिच्या बुटांना चिखल लागला होता, गार हाताने तिने दिवा लावला आणि डेन्झिलचा चेहरा बघून दारातच थांबली.

“काय रे… इतका वाईट आहे?”

“खर्ज उत्तम आहे. याहून चांगला मी ऐकला नाही,” डेन्झिल म्हणाला. “बस, वेना. क्लेम लगेच गेला नाही.”

ती बसली नाही. त्याने सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. झडप, वही, ठोके, रुमाल. आज ओ दिली ते फक्त सांगितलं नाही. त्याला ते सांगायचं धैर्य झालं नाही.

“किती वेळ ठोकत होता?” तिने विचारलं.

“चार मिनिटं. थोडी कमी.”

“आणि तू लिहीत होतास.”

“हो.”

“खुणा का पुसल्यास?”

“तुझ्या आईला काय तोंड दाखवणार होतो…”

“आईचं सोड,” वेना अगदी हळू म्हणाली. “मला सांगायचंस. अकरा वर्षांची होते, पण मी ऐकलं असतं. निदान कोणीतरी ऐकलं असतं.”

तिने हेडफोन उचलला, त्याच्याच खुर्चीत बसली आणि टेप लावली. डेन्झिल भिंतीशी उभा राहिला. अकरा मिनिटं त्याने तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. सातवं मिनिट आलं, गेलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण कपाळावर हळूहळू आठी चढत गेली. शेवटी तिने हेडफोन मांडीवर ठेवला.

“यात काही नाही.”

“सातव्या मिनिटानंतर…”

“सातवं ऐकलं, आठवं ऐकलं. नुसता सूर आहे. एकही ठोका नाही.”

त्याने तिच्या हातून हेडफोन ओढून घेतला आणि चष्मा फेकून ऐकायला लागला. सूर होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं. तळ इतका मोकळा होता, जणू तिथून कोणी उठून गेलं होतं.

वेनाने सामान भरलं. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. दारात ती एवढंच म्हणाली, की तो पहिल्यांदा खोटं बोलला की आज बोलतोय हे तिला कळेनासं झालंय, आणि आता कुठल्या वाक्यावर जगायचं ते त्याने कळवावं. गाडीचे लाल दिवे पावसात वळले आणि दिसेनासे झाले.

डेन्झिल स्वयंपाकघरात बसून राहिला. पेस्टी ताटात गारठल्या होत्या. अंगात थंडी भरली होती, पण उठून शेगडी पेटवावी असं वाटेना. हवा जड झाली होती, तळघरात उतरल्यावर होते तशी, आणि वाऱ्याचा आवाज कधी थांबला ते त्याच्या लक्षातही आलं नाही. साडेआठला फोन वाजला.

“पोचले,” वेना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ऐक. हेडफोन तुझ्याकडे आणायच्या आधी मी टेप वाजवून यंत्रावर आवाजाच्या चढउताराची रेघ काढली होती. शंभर तास सुरू व्हायच्या आधी. तो कागद आत्ता काढून बघितला.”

“मग?”

“सातव्या मिनिटापासून तळाला उंचवटे आहेत. दर आठ सेकंदांनी एक. मला वाटलं वाटीचं लाकूड कुठेतरी झणझणतंय. दोन दिवस ते घासत बसले होते मी, काका.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “आत्ता पुन्हा रेघ काढली. सपाट आहे. म्हणजे तो होता. तू खरं बोललास. माझ्या वर्कशॉपमध्ये शंभर तास ठोकत होता आणि मी तिथे नव्हते… आता तो नाहीये. तू काय केलंस?”

डेन्झिलने डोळे मिटले.

“ओ दिली,” तो म्हणाला.

पलीकडे ती रडायला लागली, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी, मोकळी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा डेन्झिलचा जीव भांड्यात पडला. तिने नाक पुसलं.

“मग तो वर आला असेल ना रे?”

“आला असेल. ओ मिळाली की येतात.”

“थँक्यू, काका. उशीर केलास, पण…” ती मध्येच थांबली. “तिथे कोण ठोकतंय?”

“इथे? कोणी नाही.”

“येतंय ऐकू मला.”

डेन्झिलने कानोसा घेतला. देशातला सगळ्यात तयार कान होता त्याचा, आणि त्या कानाला काहीच लागलं नाही. वारा नाही, पाऊस नाही, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही. त्याने खाली वाकून फळीवर तळहात टेकवला. फळी बर्फासारखी गार होती आणि निश्चल होती. त्याने वेनाला समजावलं की फोनमधून इतका खालचा आवाज जातच नाही, तिला भास होतोय, दमलीय ती.

“भास नाही,” ती कुजबुजली. “थांब… एक. आणि लगेच दुसरा. आता काही नाही… परत. एक, दोन.”

“वेना…”

“दोन आहेत, काका. खाली दोघं आहेत.”

ती आमच्या गावची मुलगी. ठोका कानावर पडल्यावर काय करायचं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि दोनशे किलोमीटरवर ॲडलेडमध्ये, आपल्या कामाच्या टेबलावर, तिने मुठीने दोन ठोके दिले.

खर्जाला दिशा नसते, असं डेन्झिल जन्मभर लोकांना सांगत आला होता. तो डावीकडून आला की उजवीकडून, कानाला कळत नाही. हे दोन ठोके मात्र कुठून आले ते त्याला नेमकं कळलं. ते फोनमधून आले नाहीत. ते वरून आले, छताच्याही पुष्कळ वरून, कितीतरी दगडमाती ओलांडून, खाणीत अडकलेल्याला ओ ऐकू यावी तसे, अगदी क्षीण.